समुपदेशक व्हायचंय? सुरुवात गावातून होते

धाराशिव, कळंब किंवा उमरग्यात ‘समुपदेशन केंद्र’ अशी पाटी लावून, तासाचे पैसे घेऊन लगेच पोट भरता येईल असं तुम्हाला कुणी सांगत असेल, तर त्याचं मनावर घेऊ नका. सुई, सलाईन, गोळ्या यांचे पैसे लोक खळखळ न करता देतात. तासभर ऐकून घेणाऱ्याला पैसे द्यायचे असतात, हे अजून आपल्याकडे कुणाच्या गावी नाही. तरीही या क्षेत्रात काम आहे आणि ते बरंच आहे. ते पगारी आहे, बहुतेक कंत्राटी आहे, आणि सरकारी योजना, रुग्णालयं, स्वयंसेवी संस्था यांच्या आश्रयाने चालतं. बारावी झालेली मुलगी, बी.ए. करून घरी बसलेला मुलगा, पंधरा वर्षं आशाचं काम केलेली बाई अशा सगळ्यांना त्यात शिरता येतं. प्रत्येकाचं दार वेगळं, एवढंच.

गरज किती आहे ते आधी पाहू. निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचं आढळलं. आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळालेले नव्हते. आपला धाराशिव जिल्हा पर्जन्यछायेतला. दसरा झाला की भूम, परंडा, वाशी, कळंबकडच्या टोळ्या उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. मागं म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं उरतात. लोहारा-उमरग्याच्या पट्ट्यात ३० सप्टेंबर १९९३ची भूकंपाची पहाट आठवणारी पिढी अजून आहे. भूकंप किल्लारीच्या नावावर लागला, पण माणसं सास्तूरलाही गेली. २०२५च्या सप्टेंबरात परंडा-भूमकडे पुराने शेतातली मातीच वाहून नेली. शेतकरी आत्महत्यांचा प्रश्न तर जुनाच. म्हणूनच राज्य सरकारने मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात आपला, तेव्हा उस्मानाबाद नावाचा, जिल्हा होता. आशा कार्यकर्तीने घरोघरी जाऊन प्रश्नावली भरायची, ताणाखाली असलेली माणसं हेरायची आणि पुढे समुपदेशनाला, उपचाराला पाठवायची, अशी त्याची रचना.

म्हणजे काम आहे. आता त्यातली नावं नीट समजून घ्या, कारण फसवणूक नावांतच होते.

सायकियाट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ: एम.बी.बी.एस. आणि त्यावर मानसोपचारातली पदव्युत्तर पदवी किंवा पदविका असलेला डॉक्टर. औषध तोच लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ. भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आर.सी.आय.च्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय ही पाटी लावता येत नाही. त्या परिषदेला १९९२च्या कायद्याचा आधार आहे. या नोंदणीचा आजवरचा नेहमीचा रस्ता म्हणजे एम.ए.नंतर दोन वर्षांचं एम.फिल. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद झालं, या शाखेला फक्त २०२५-२६ पर्यंत सवलत मिळाली. त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून पाच वर्षांचा बेत आखू नका. आज कोणते अभ्यासक्रम मान्य आहेत ते परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. मनोविकार सामाजिक कार्यकर्ता म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि त्यापुढचं खास शिक्षण घेतलेला माणूस. आजार घराशी, रोजगाराशी, नात्यांशी कसा गुंतलाय हे तो पाहतो.

उरला समुपदेशक. हे नाव आजवर कुणीही लावलं तरी चालत आलंय. दोन दिवसांची कार्यशाळा केली, फ्रेम केलेलं प्रमाणपत्र भिंतीवर टांगलं, झालं. २०२१च्या राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्याने ही मोकळीक आवरायला सुरुवात केली आहे. मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते, एचआयव्ही व कुटुंबनियोजन समुपदेशक, मानसिक आरोग्य साहाय्यक हे सगळे या कायद्याच्या यादीत आहेत. त्याच ओघात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह या कायद्याखालचे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवायला मनाई केली. आपल्या भागात घर-संसार सांभाळून ‘बाहेरून’ मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्या बायकांची संख्या मोठी आहे. हा निर्णय त्यांच्या मुळावर आलाय, आणि त्यांच्यासाठी दुसरी काही सोय करायला हवी होती असं माझं मत. पण नियम तो नियम. ‘ऑनलाइन मानसशास्त्र पदवी, शंभर टक्के मान्यताप्राप्त’ अशी जाहिरात दिसली तर पैसे भरण्याआधी मान्यतेचं पत्र मागा.

पदवी लागते ती नोकरीच्या अर्जाला. बोलून आधार देण्याचं कौशल्य येतं ते सरावातून, आणि सराव होतो जाणत्याच्या देखरेखीखाली. याचा सगळ्यात चांगला दाखला गोव्यात आहे. १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचाराची कोणतीही पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक तरुण-तरुणींना समुपदेशक केलं. शिक्षणाची अट किमान दहावी. वर्गातलं प्रशिक्षण तीन आठवडे, आणि त्यानंतर सहा महिने उमेदवारी. दर आठवड्याला हे समुपदेशक एकत्र बसत, एकमेकांच्या सत्रांचं ध्वनिमुद्रण ऐकत, गुण देत, कुठे घाई झाली ते सांगत. तीव्र नैराश्य असलेल्या लोकांसाठी सहा ते आठ बैठकांची एक सोपी पद्धत त्यांनी वापरली. तीन महिन्यांनी या बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दारू सोडवण्यासाठीही त्यांनी अशीच पद्धत बसवली. दोन्हींच्या पुस्तिका विनामूल्य मिळतात, त्या इंग्रजीत असल्या तरी चिकाटीने वाचा.

आपल्याला आणखी जवळचा अनुभव अमरावतीचा. तिथल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम गावातल्याच कार्यकर्त्यांनी चालवला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. नाशिक जिल्ह्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने ‘आत्मीयता’ नावाने गावातलेच स्वयंसेवक तयार केले, तर साताऱ्याच्या ‘परिवर्तन’ संस्थेने ‘मानसमित्र’ घडवले. दूर झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवलं. तो प्रयोगही जगभर गाजला. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून उभं केलं, तेव्हा थोडं शिकलेली बाई आरोग्याचं काम नेटाने करू शकते हे आपल्या जिल्ह्याने आधीच पाहिलं होतं. मनाच्या आरोग्यालाही तेच लागू आहे.

हे काम प्रत्यक्षात कसं चालतं ते एका बैठकीवरून पाहा. प्रसंग कल्पित आहे, पण यातली वाक्यं कुठल्याही आरोग्य केंद्राच्या ओट्यावर ऐकू येतील. लोहाऱ्याकडची चाळिशीतली बाई म्हणते, “काय होतंय ते सांगता येईना बघा. डोकं जड, झोप लागंना, नुसतं पडून राहावं वाटतंय.” नवखा समुपदेशक लगेच म्हणतो, “असं खचून कसं चालेल मावशी? लेकरांकडं बघा. देवीवर भरवसा ठेवा.” हेतू चांगला, पण मावशीने तोंड उघडलं होतं ते मिटलं. तिला एवढंच कळलं की हा पोरगाही शेजारणींसारखंच बोलतो.

शिकलेला काय करतो? तो आधी गप्प बसतो. मग विचारतो, “कवापासून असं होतंय?” मग, “काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं, ते सांगा.” कालचा दिवस सांगताना कळतं की पूर्वी ती बचत गटाच्या बैठकीला जायची, तीन महिन्यांपासून जात नाही. शेळ्या विकल्या. दुपारभर अंधाऱ्या खोलीत पडून असते. ‘मन बरं झालं की कामाला लागेन’ असं तिला वाटतं. पद्धत सांगते, उलट करा: आधी छोटं काम, मन मागून येईल. म्हणून बैठकीच्या शेवटी दोघं मिळून एकच गोष्ट ठरवतात. उद्या चार वाजता जाऊबाईकडं जाऊन चहा घ्यायचा. ती कागदावर लिहितात. वाचता येत नसेल तर चित्र काढतात. पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न त्याच चहाचा. गेली नसेल तर रागवायचं नाही, काय आडवं आलं ते शोधायचं. कानाला हे फार किरकोळ वाटतं. पण गोव्यात नैराश्यातून बाहेर आलेली माणसं अशाच किरकोळ पावलांनी बाहेर आली.

याच बैठकीत आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो, आणि नवखे सगळ्यात जास्त घाबरतात ते त्याला. “मावशी, जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे, थेट विचारल्याने माणसाला मोकळं वाटतं, असाच अनुभव आहे. उत्तर ‘हो’ आलं तर पुढचे प्रश्न: काही ठरवलंय का, याआधी कधी प्रयत्न केला होता का, घरात फवारणीचं औषध कुठं ठेवता? ते औषध त्याच दिवशी घराबाहेर, कुलपात किंवा भावकीतल्या भरवशाच्या माणसाकडे गेलं पाहिजे. माणसाला एकटं सोडायचं नाही आणि डॉक्टरांकडे न्यायचंच. इथे ‘मी सांभाळतो’ असं म्हणायचा अधिकार तुम्हाला नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली असल्याचं गृहीत धरलं आहे आणि तिच्यावर खटल्याचं सावट ठेवलेलं नाही. पोलीस केसच्या भीतीने घरचे लपवालपवी करतात, त्यांना हे सांगा.

‘मनातलं इथंच राहील’ असं वचन देताना त्याची मर्यादाही त्याच दमात सांगायची. जिवाला धोका असेल तर गुप्तता राहत नाही. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे. तिथे घराण्याची अब्रू, सरपंचाचा शब्द काहीही मध्ये येऊ शकत नाही.

गावात काम करायचं तर ‘बाहेरचं काहीतरी आहे’ हे वाक्य रोज कानावर पडेल. तुळजाभवानी आणि येडेश्वरी ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे श्रद्धेशी भांडण काढून समुपदेशन होत नाही. दर्शनाला जा, गोळ्याही घ्या, असं म्हणणारा माणूस घरात घेतला जातो. मात्र माणसाला साखळीने बांधलंय, मारलं जातंय असं दिसलं तर तिथे मवाळपणा नको. साखळीने बांधायला त्याच २०१७च्या कायद्याने मनाई केली आहे, आणि महाराष्ट्रात २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

आता शिक्षणाच्या वाटा. बारावी झालेल्यांना मी पहिलं नाव सुचवेन ते आपल्याच उंबऱ्यातलं: टाटा समाजविज्ञान संस्थेचं तुळजापूर केंद्र. ग्रामीण विकासावर भर असलेली समाजकार्याची पदवी तिथे मिळते आणि देशभरातून मुलं तिथे येतात. प्रवेश सीयूईटी परीक्षेतून होतो. अर्जाची मुदत बारावीच्या निकालाची वाट पाहत नाही, तेव्हा आधीच लक्ष ठेवा. दरवर्षी जिल्ह्यातली किती मुलं तुळजापूरवरून एसटीने सोलापूरला जातात आणि या संस्थेत काय शिकवतात ते विचारतही नाहीत, याची मला हळहळ वाटते. दुसरी वाट मानसशास्त्र घेऊन बी.ए., मग एम.ए. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं धाराशिवला उपकेंद्र आहे. मानसशास्त्र विभाग छत्रपती संभाजीनगरला, मुख्य आवारात आहे. कॉलेज निवडताना एकच प्रश्न विचारा: प्रात्यक्षिकात जिवंत माणसांशी किती तास बोलायला मिळतं? चाचण्यांच्या पेट्या कपाटात आणि जर्नल एकमेकांचं उतरवलेलं, असं असेल तर पदवी मिळेल, काम येणार नाही.

एम.ए. मानसशास्त्र की एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, असं बरेच जण विचारतात. लवकर नोकरी हवी असेल आणि जिल्ह्यातच राहायचं असेल, तर माझा कल एम.एस.डब्ल्यू.कडे. समाजकार्याची पदवी समुपदेशकाच्या जागांनाही चालते आणि संस्थांच्या इतर कामांनाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच व्हायचं पक्कं असेल तर मानसशास्त्राला पर्याय नाही, आणि मग पुणे-मुंबई-बंगळूरच्या प्रवेश परीक्षांची तयारी ठेवा.

पदवीच्या जोडीला, किंवा पदवी नसताना, लहान प्रशिक्षणं घेता येतात. निम्हान्सची डिजिटल अकादमी आरोग्य कर्मचाऱ्यांना ऑनलाइन शिकवते. जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचारावरची २०११ची पुस्तिका पूर-भूकंपानंतरच्या कामासाठी उत्तम. ठाण्याची आय.पी.एच. ही डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये सुरू केलेली संस्था मराठीतून भरपूर साहित्य देते. विवेकनिष्ठ मानसोपचार मराठीत समजून घ्यायचा असेल तर कि. मो. फडके यांची पुस्तकं वाचा. भूकंपानंतर लोहारा तालुक्यात हराळीला आलेल्या ज्ञान प्रबोधिनीची पुण्यात मानसशास्त्र संस्था आहे, तिथेही चौकशी करा. व्यसनाच्या कामाकडे ओढा असेल तर पुण्याचं मुक्तांगण, १९८६ पासूनचं. यातलं कुठलंही प्रमाणपत्र तुम्हाला तज्ज्ञ बनवत नाही, पण अर्जात वजन पडतं आणि बोलण्यात शिस्त येते.

आशा, अंगणवाडी सेविका, शिक्षक, बचत गटाच्या सीआरपी यांना मी म्हणेन, तुम्ही अर्धी वाट चालून आलेल्या आहात. घरात शिरायचा हक्क तुम्हाला आधीच मिळालाय. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी मराठीत मिळवा. मागच्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, अपराधीपणा कसा होता, असे तिचे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. शेवटचा प्रश्न जीव द्यावासा वाटण्याचा. एकूण गुण कमी असले तरी त्या प्रश्नाला शून्याखेरीज काही आलं, तर थांबून बोलायचं. ही यादी निदान करत नाही, कुणाला पुढे पाठवायचं ते दाखवते. आणि ती वाचून दाखवू नका, गप्पांत विचारा. ‘निराश’ हा शब्द खेड्यात कुणी वापरत नाही. ‘कशातच जीव रमंना’ असं म्हणतात.

भाषा ही तर धाराशिवच्या उमेदवाराची मोठी शिदोरी आहे. उमरग्याच्या सीमेवर कानडी, नळदुर्ग-परंड्यात उर्दूमिश्रित बोली, तांड्यांवर गोरबोली. यांतली एखादी येत असेल तर अर्जात ठळक लिहा. शहरातून आलेला पदवीधर तिथे दुभाष्या शोधत बसतो.

जागा निघतात कुठे? राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिराती जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर येतात. किशोरवयीनांच्या ‘मैत्री क्लिनिक’ला समुपदेशक लागतो, एचआयव्ही तपासणीच्या आयसीटीसी केंद्रांना लागतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ता, परिचारिका यांच्याबरोबर नोंदणी साहाय्यकासारखी खालची पदंही असतात. ती हलकी समजू नका, वर्षभर रुग्ण येताना-जाताना पाहणं हेही शिक्षणच. टाटा संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेले महिला व बालकांसाठीचे विशेष कक्ष पुढे राज्यभर पसरले, तिथे समाजकार्याची पदवी लागते. सखी केंद्र, बालगृहं, व्यसनमुक्ती केंद्रं, आश्रमशाळा, शिवाय शेतकऱ्यांसाठी चाललेल्या शिवार हेल्पलाइनसारखे उपक्रम यांच्याकडे नजर ठेवा. कंत्राट बहुधा अकरा महिन्यांचं असतं, पगार उशिरा होतो, प्रवास खिशातून होतो. घरच्यांना हे आधी सांगितलेलं बरं.

रुजू होताना साहेबांना एक गोष्ट विचारून घ्या: माझी प्रकरणं दर आठवड्याला कोण ऐकणार? उत्तर ‘कुणी नाही’ असं आलं तरी नोकरी नाकारू नका, पण स्वतः सोय करा. तालुक्यातले तीन-चार समुपदेशक मिळून आठवड्यातून एकदा फोनवर बसा, नावं-गावं वगळून प्रकरणं मांडा, आणि महिन्यातून एकदा एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला किंवा अनुभवी मानसशास्त्रज्ञाला त्यात बोलवा. एकट्याने दुसऱ्याची दुःखं ऐकत राहणारा माणूस वर्षभरात एकतर कोरडा पडतो किंवा उपदेश करायला लागतो.

पहिल्या आठवड्यातच एक कागद तयार करून टेबलाच्या काचेखाली ठेवा. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाचे वार आणि वेळ. सोलापूर, लातूरची पर्यायी सोय. टेलिमानस १४४१६, ही १० ऑक्टोबर २०२२ पासूनची मोफत सेवा मराठीतही बोलते. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, तातडीला ११२ आणि १०८. शेजारी तालुक्यातल्या एका जीपवाल्याचा नंबर, जो रात्री अकरा वाजताही गाडी काढेल.